शाकारणीचा हिशेब

कोकणच्या किनारपट्टीवर 'शाकारणे' हा शब्द दोन कामांसाठी वापरतात. पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारले जाते आणि समुद्र खवळू लागला की होडीही शाकारली जाते. घर शाकारणे म्हणजे कौले उतरवून चाळणे, फुटकी बाजूला काढणे, किडलेली रीप बदलणे, पडवीच्या उघड्या बाजूला झडीपासून बचाव म्हणून माडाच्या झावळ्यांचे झाप बांधणे. होडी शाकारणे म्हणजे तिला मोठ्या भरतीच्या रेषेपलीकडे ओढून घेणे, ओंडक्यांवर टेकवणे आणि त्याच झापांनी वरून झाकणे. दोन्ही कामांना माणसे तीच, हात तेच आणि झावळ्याही परसातल्या त्याच माडाच्या. भाषेने हे सारे एकच काम मानले. सरकारी दप्तराने मात्र घर एका खात्यात, होडी दुसऱ्या खात्यात आणि माड तिसऱ्या खात्यात घातला. आणि या तिहींना जगवणारे श्रम कोणत्याच खात्यात घातले नाहीत.

या अनुल्लेखाचा अनुभव दरवर्षी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत येतो. या ६१ दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. बंदीमागचे कारण रास्त आहे. माशांच्या विणीचा हा काळ, समुद्रही धोक्याचा. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नसली तरी त्यांना समुद्रच बंदी घालतो. तेव्हा बंदीविषयी तक्रार नाही. उलट ती मोडणाऱ्या धनवान नौकामालकांवर अधिक कडक कारवाई व्हावी, हीच किनाऱ्यावरच्या लहान मच्छीमाराचीही मागणी असते. प्रश्न आहे तो या दोन महिन्यांकडे पाहण्याच्या दृष्टीचा. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेखाली बंदी व मंदीच्या तीन महिन्यांसाठी पात्र मच्छीमाराला सरकारकडून ३,००० रुपये मिळतात. त्यात त्याने स्वतः आधी बचत केलेले १,५०० रुपये मिळवले की एकूण ४,५०० रुपये होतात. म्हणजे महिन्याला दीड हजार, आणि त्यातलाही तिसरा हिस्सा त्याच्याच खिशातला. रक्कम तुटपुंजी आहे हे उघडच आहे. पण त्याहून लक्षात घेण्यासारखे आहे ते तिच्यामागचे गृहीतक. मच्छीमार या काळात रिकामा बसलेला आहे, सबब त्याला जगण्यापुरते काही द्यावे, असे ते गृहीतक आहे.

हा 'रिकामा' माणूस या दिवसांत काय करीत असतो?

होडी पाण्याबाहेर आली की प्रथम तिचे बुड खरवडावे लागते. हंगामभर खाऱ्या पाण्यात राहिलेल्या लाकडावर कवचे चिकटून दगडासारखी झालेली असतात. त्यांच्याआड लाकूड पोखरणारा किडा शिरलेला असतो. तो बाहेरून दिसत नाही, हातोडीने ठोकत गेले की आवाजावरून कळतो. पोकळ आवाज देणारी फळी काढून नवी बसवायची. फळ्यांच्या सांध्यांत राळ लावलेला कापूस वा काथ्या ठोकून भरायचा, मग डांबराचा किंवा तेलाचा हात द्यायचा. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावर रापणीच्या होड्या एके काळी खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. त्यांची शिवण वेळोवेळी उसवून नव्याने घालावी लागे. आता पुष्कळ ठिकाणी फायबरच्या होड्या आल्या आहेत. फायबर कुजत नाही म्हणून देखभाल संपली, असा शहरी समज आहे. फायबरला तडे जातात, तड्यांत पाणी शिरते, ते घासून, वाळवून, रसायनाचा थर चढवून बुजवावे लागते. आणि ते रसायन परसात पिकत नाही, रोखीने विकत आणावे लागते. जुनी होडी दुरुस्त करणारा सुतार गावातच असे आणि त्याची मजुरी काही अंशी तांदळाने, माशांनीही भागत असे. नवी होडी दुरुस्त करायला बाजाराकडेच जावे लागते. बदल आला तो असा.

होडीनंतर इंजिन उतरवून, उघडून, तेलपाणी करून ठेवायचे. मग जाळी. सुताची जाळी होती तेव्हा ती झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करावी लागत. नायलॉन आल्यावर तो व्याप गेला, पण फाटणे गेले नाही. पडवीत झापांच्या आड बसून जाळ्याची भोके सुईने भरत राहणे, हे आषाढातले काम आहे. त्यात बायका असतात, म्हातारे असतात, शाळेतून आलेली मुलेही असतात.

बाहेर पावसाची झड, आणि त्याच वेळी परसात पुढच्या सहा महिन्यांचे कालवण रुजत असते. कोळी असो, गाबीत असो, खारवी, भंडारी वा दालदी मुसलमान असो, किनाऱ्यावरच्या बहुतेक घरामागे काही गुंठ्यांचे परस असते. दोन-चार माड, जमले तर पोफळी, पोफळीवर मिरवेल, मांडवावर पडवळ आणि दोडके, कडेला अळू आणि सुरण. मांडवाची मेढ कुजलेली असते, ती बदलावी लागते. गडग्याचे धोंडे गुरांनी पाडलेले असतात, ते रचावे लागतात. माडांची आळी उकरून त्यांत शेण, राख आणि मासळीचा निरुपयोगी भाग घालावा लागतो. पावसाळा संपला की शिंपणे आलेच. घरात गळणाऱ्या कौलाखाली भांडी ठेवणे आणि उघडीप मिळाली की वर चढून ते कौल सरळ करणे हा तर नित्याचाच उद्योग. जमीन शेणाने सारवलेली असेल तर ओल धरू नये म्हणून तिची वेगळी काळजी.

या कामांचा मोठा वाटा कोणाच्या अंगावर पडतो, हे सांगायला वास्तविक आकड्यांची गरज नाही. तरीही आकडे आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर केलेल्या वेळवापर पाहणीत असे आढळले की, घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्या कामात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जातात, तर असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे. मुळात असे काम करणारे पुरुषच शंभरांत जेमतेम २६ होते. स्त्रिया ८१ होत्या. छपरावर चढणारा पुरुष सर्वांना दिसतो आणि त्याचे कौतुकही होते. खाली उभी राहून कौल पुसून, निवडून हातात देणारी बाई दिसत नाही. समाजवादी म्हणवणाऱ्यांनीही तिच्याकडे बरीच वर्षे पाहिले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. कामगार म्हटला की तो कारखान्यातला आणि शेतकरी म्हटला की तो सातबाऱ्यावरचा, या दोन चौकटींत ती बसत नव्हती.

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत भारताने स्वीकारली आहे, तिच्यात एक गंमतीदार भेद आहे. परसातल्या मांडवावरचे पडवळ घरच्यांनीच खाल्ले तरी तत्त्वतः ते उत्पादन म्हणून मोजले जाते. पण घर नीट राहावे म्हणून घरच्याच माणसांनी केलेली किरकोळ डागडुजी, साफसफाई, सारवण हे उत्पादन नव्हे. तीच डागडुजी पैसे देऊन परक्या गवंड्याकडून करून घेतली तर ती लगेच राष्ट्राच्या उत्पन्नात जमा होते. म्हणजे ज्याच्याजवळ रोकड आहे त्याचे गळके छप्पर राष्ट्राची संपत्ती वाढवते. ज्याच्याजवळ फक्त स्वतःचे हात आहेत त्याने छप्पर दुरुस्त केले, तर राष्ट्राच्या दृष्टीने काहीच घडले नाही. अर्थशास्त्रज्ञ याला मोजणीची अडचण म्हणतील. अडचण खरी आहे. परंतु जे मोजले जात नाही ते अंदाजपत्रकातही येत नाही, आणि तिथून पुढे हा प्रश्न मोजणीचा न राहता सत्तेचा होतो.

महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळातून वाढलेली रोजगार हमी, वि. स. पागे यांनी जिचा पाया घातला आणि १९७७ च्या कायद्याने जिला हक्काचे रूप दिले, ती या राज्याची अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. काम मागणाऱ्याला काम देण्याचे बंधन सरकारवर घालणे ही लहान क्रांती नव्हती. पण त्या कायद्यातही अट होती ती 'उत्पादक' कामाची. नवा पाझर तलाव, नवा बांध, नवा रस्ता हे उत्पादक ठरले. तलावातला गाळ, बांधाची पडलेली शीग, रस्त्याकडेचे गटार यांचा विचार मागाहून आणि अपुरा झाला. राज्यभर गाळाने भरलेली जुनी तळी त्याची साक्ष देतात. नवे उभारणे हे काम आणि उभारलेले टिकवणे ही ज्याची त्याची खाजगी बाब, ही समजूत डाव्या-उजव्या सर्वच सरकारांच्या अंगवळणी पडली आहे. नव्याचे उद्घाटन करता येते. शाकारणीचे उद्घाटन कोण करणार?

घरकुलांच्या बाबतीतही हेच झाले. इंदिरा आवास योजनेत १९९९ नंतर बराच काळ निधीचा पाचवा हिस्सा जुनी कच्ची घरे सुधारण्यासाठी राखलेला होता. रक्कम थोडी होती, पण घर पाडून नवे बांधण्याऐवजी असलेले घर राहते करण्याची वाट तिने मोकळी ठेवली होती. २०१६ साली आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने सपाट प्रदेशात नव्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरची मर्यादा ठरवली. ज्याला घरच नाही त्याला ते मिळालेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु जांभ्याच्या भक्कम भिंती, सागाचे वा फणसाचे वासे आणि मंगळुरी कौले असलेले जे घर केवळ चार वासे आणि दोनशे कौले यांवाचून खचत चालले आहे, त्याच्या मालकिणीने कोणाचे दार ठोठवावे? ते घर 'कच्चे' नाही म्हणून नव्या घराला ती अपात्र, आणि दुरुस्तीला पैसा नाही म्हणून जुन्याला मुकलेली.

ती एकटी का, हाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर मुंबईत आहे. कोकणातल्या घरांची शाकारणी पिढ्यान् पिढ्या गिरणगावाच्या रजेवर अवलंबून होती. चाकरमानी वैशाखात येई तो आंबे खायला, असे विनोदाने म्हटले जाते. प्रत्यक्षात त्याच्या रजेचे पहिले आठ दिवस छपरावर जात. त्याच्या मनीऑर्डरीतून कौले येत आणि त्याच्या खांद्यावरून वासे चढत. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, संप मोडला गेला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि ती रजाही गेली, मनीऑर्डरही गेली. पुढची पिढी वसई-विरार, कल्याण-डोंबिवलीकडे पांगली. कंत्राटी नोकरीत आठवड्याची सुट्टी मिळण्याची मारामार, तिथे शाकारणीची रजा कोण देतो? गणपतीला चार दिवस घर उघडते, पण तोवर पावसाने जे करायचे ते केलेले असते. म्हणून कौलांच्या जागी पत्रे आले. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजून निघावे लागते आणि वादळात तो प्रथम उडतो, हे लोकांना कळत नाही असे नाही. पत्रा दरवर्षी चाळावा लागत नाही, एवढाच त्याचा गुण. कारागिरी लोपली म्हणून हळहळणाऱ्या लेखांतून हे कारण सहसा सांगितले जात नाही: माणसांनी परंपरा सोडली नाही, परंपरा चालवायला लागणारी रजा त्यांच्याकडून काढून घेतली गेली.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा या साऱ्याची एकत्र परीक्षा झाली. घरे नुकतीच शाकारून झालेली वा अर्धवट राहिलेली होती. टाळेबंदीमुळे मुंबईची माणसे अडकलेली आणि सामानाची दुकाने महिनोन् महिने बंद होती. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, पुढे मंडणगड, दापोली या पट्ट्यात छपरे उडाली, पोफळी आणि माड मोडून पडले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते'ने सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपले. 'निसर्ग'नंतर राज्य सरकारने बागायतीची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. आकडा ऐकायला बरा. पण एक हेक्टर म्हणजे जवळजवळ ९९ गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीत पोफळी, माड, मिरी, जायफळ एकावर एक उभे असतात. त्या सगळ्यांचे मोल पाच हजार रुपये ठरले. नवी पोफळ वा माड लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. या निकषावर ओरड झाली तेव्हा झाडामागे मदत देण्याचा विचार पुढे आला. म्हणजे वाडी हेक्टरात मोजायची नसते, एवढे सरकारला कळायला एक वादळ लागले.

होडीचे माप त्याहून विलक्षण होते. २०१५ ते २०२० या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या आपत्ती-मदतीच्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या होडीला ९,६०० रुपये, दुरुस्तीजोग्या होडीला ४,१०० रुपये आणि फाटलेल्या जाळ्याला २,१०० रुपये होते. २०२२ च्या सुधारणेत हे आकडे वाढवण्यात आले, तरी होडीच्या खऱ्या किमतीशी त्यांचे नाते जुळले नाही. आणि घरासाठी एक अट दोन्ही वेळा कायम राहिली: पडझड निदान १५ टक्के झालेली असली पाहिजे. त्याच्या आतली पडझड सरकारच्या लेखी पडझडच नव्हे. ज्याने वेळच्या वेळी वासे बदलले, कौले घट्ट बसवली, त्याचे नुकसान दहा टक्क्यांवर थांबले तर त्याला काही नाही. ज्याचे छप्पर दुर्लक्षाने वा दारिद्र्याने आधीच खिळखिळे होते आणि सगळे कोसळले, त्याला थोडे काही. दुसऱ्याला मिळते ते योग्यच आहे, त्याहून अधिक मिळावे. पण पहिल्याने वाचवलेली संपत्ती हीसुद्धा राष्ट्राचीच बचत आहे, हे मान्य करायला काय हरकत आहे?

यावर एक आक्षेप नेहमी येतो. होडी त्याची, घर त्याचे, परस त्याचे. आपल्या मालमत्तेची निगा त्याने राखावी, त्याचा भार समाजाने का उचलावा? आक्षेप घेणाऱ्यांनी प्राप्तिकराचा कायदा उघडून पाहावा. कारखानदाराचे यंत्र झिजते म्हणून दरवर्षी त्याला घसाऱ्याची वजावट मिळते, आणि यंत्राच्या चालू दुरुस्तीचा खर्चही नफ्यातून वजा होतो. तो कर बुडतो तो समाजाचाच. म्हणजे भांडवलाची झीज समाजाने अंशतः सोसावी, हे तत्त्व या देशाने कधीच मान्य केले आहे; फक्त ते करपात्र उत्पन्न असणाऱ्यांपुरते मान्य केले आहे. तीन-चार सिलिंडरी इंजिनाच्या मोठ्या नौकेचा मालक ही वजावट घेतो. त्याच्या नौकेवरचे खलाशी, ज्यांत रत्नागिरीसारख्या बंदरांत नेपाळहून आलेले तरुण पुष्कळ असतात, ते बंदी लागताच गावी परततात आणि नौकेची दुरुस्ती मजुरीने होते. एका होडीवर जगणाऱ्या कुटुंबाचा घसारा मात्र त्या कुटुंबाच्या पाठीच्या कण्यावर मांडला जातो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तो शब्दशः घ्यायचा तर त्याचे पहिले फळ येथे दिसायला हवे. शेतकऱ्याला पेरणीपूर्व मशागतीसाठी कर्ज मिळते, कारण मशागतीशिवाय पीक नाही हे बँकेलाही पटलेले आहे. होडीची शाकारणी ही मच्छीमाराची मशागत होय. तेव्हा वैशाखातच, होडी वर ओढण्याच्या आधी, मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत बिनव्याजी दुरुस्ती-कर्ज मिळाले पाहिजे आणि त्याची फेड मासळी बाजारात येऊ लागल्यानंतरच्या महिन्यांत बांधली पाहिजे. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांना खुले झाले आहे. पण समुद्रातल्या मासेमारीसाठी ते मागताना नोंदणी झालेली नौका हाती असावी लागते, म्हणून जाळी भरणाऱ्या बाईला आणि वाट्यावर जाणाऱ्या खलाशाला त्याचा उपयोग नाही. रापणीच्या संघात जाळे आणि श्रम दोन्हींचे वाटे ठरलेले असत. तोच हिशेब धरून संस्थेच्या सभासदत्वात देखभाल करणाऱ्या स्त्रियांची नावे यावीत. बंदीकाळातल्या साडेचार हजारांना 'निर्वाह' म्हणणे सोडून त्यांना ६१ दिवसांच्या देखभालीची मजुरी मानावे आणि ती राज्याच्या किमान वेतनाला जोडावी. घरकुलात दुरुस्तीचा पाचवा हिस्सा परत आणावा.

यांतल्या काही गोष्टींना पैसा लागेल आणि त्यासाठी अंदाजपत्रकाशी भांडावे लागेल. पंधरा टक्क्यांच्या अटीसाठी तर कायदाही बदलावा लागत नाही. मदतीचे निकष हे केंद्रीय गृहमंत्रालयाचे पत्रक असते, वित्त आयोगाच्या कालावधीबरोबर ते नव्याने निघते. २०२२ चे पत्रक २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतचे होते. राज्य सरकारने आपले म्हणणे केंद्राकडे लेखी मांडण्याची वेळ अशा दोन पत्रकांच्या सांध्यावर येते. किनाऱ्यावरच्या ग्रामसभांनी आणि मच्छीमार संस्थांनी ठराव करून ते जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असतील तर त्यांचा मजकूर दोन ओळींत मावेल: पडझडीची किमान टक्केवारी रद्द करावी, आणि पंचनाम्यात घर, होडी, जाळे व परस यांची नोंद एकाच कागदावर एकाच कुटुंबाच्या नावे व्हावी.